लॅपटॉपची बॅटरी फुगू नये म्हणून काय करायचं

ट्रॅकपॅड अचानक कडक लागायला लागला, क्लिकच होईना, किंवा टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगतोय, झाकण नीट बसत नाहीये, तर ट्रॅकपॅडला शिव्या घालण्याआधी बॅटरी फुगली नाही ना ते बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरी बरोबर तिथंच, आपला तळहात टेकतो त्या भागाखाली असते.

आता "रात्रभर चार्जिंगला राहिला म्हणून फुगली" असं सगळेच म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. बॅटरी भरली की आतलं सर्किट स्वतःच चार्जिंग थांबवतं. खरा घोळ असा की वर्क फ्रॉम होमवाल्यांचा लॅपटॉप महिनोन्महिने १००% वर प्लगला लटकलेला असतो आणि वरून तापलेला पण असतो. पूर्ण भरलेल्या लिथियम सेलमध्ये इलेक्ट्रोलाइट (आतलं रसायन) हळूहळू खराब होतं, गॅस तयार होतो, उष्णतेत हे अजून फास्ट होतं, आणि सेलचं पाकीट सीलबंद असल्यामुळे गॅस जाणार कुठे, तो तिथंच साठतो. म्हणजे फुल चार्ज आणि गरमी ही जोडी वाईट, त्यातलं एक तरी तोडायचं.

सगळ्यात सोपं म्हणजे चार्जिंगला लिमिट लावा, ५ मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे. लेनोवोत व्हँटेज ॲपमध्ये कन्झर्वेशन मोड, आसुसला मायआसुसमध्ये बॅटरी केअर, डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलना बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणारा सेटिंगचा मेनू) सेटिंग असतं. साधारण ८०% वर थांबवायचं, काही जुन्या लॅपटॉपना ६०% मिळतं, दिवसभर प्लगलाच असाल तर तेही चालेल. लिनक्सवाल्यांनी टीएलपी (बॅटरी सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाकून बघा, बऱ्याच मॉडेलवर चालतं. बाहेरगावी जायच्या आदल्या रात्री लिमिट काढा, आल्यावर परत लावा, एवढंच लक्षात ठेवायचं (हे लोक हमखास विसरतात).

गरमीचं म्हणाल तर गादी आणि उशी हे खरे व्हिलन. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात, गोधडीवर ठेवला की ती जाळी बंदच. महागडा कूलिंग पॅड नसला तरी मागच्या बाजूला दोन जाड पुस्तकं सरकवा, फक्त जाळी झाकू नका. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना बंद गाडीत लॅपटॉप ठेवणं म्हणजे तर कहरच. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करत नसाल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९% करा (सेटिंग दिसत असेल तर), टर्बो (प्रोसेसरचं जादा वेगाने पळणं) बंद होतो आणि पंख्याचा आवाज बराच खाली येतो. आणि झाकण लावून लगेच बॅगेत कोंबू नका, नवीन लॅपटॉप स्लीपमध्येही अर्धे जागेच असतात, बॅगेत तापतात. हायबरनेट (काम डिस्कवर ठेवून पूर्ण बंद होणं) किंवा सरळ शटडाऊन करा. वर्षातून एकदा धूळ साफ करून घ्या, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर गरगर फिरून बेअरिंग जातं.

बॅटरीची तब्येत बघायची असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport टाइप करून रिपोर्ट काढा, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि आत्ताची फुल चार्ज कपॅसिटी शेजारी-शेजारी दिसते. पण आकडा चांगला आला म्हणून फुगलेली नाही असं समजू नका, ते बोटाने आणि डोळ्यानेच कळतं.

फुगलीच असेल तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, आणि प्लीज तो फुगवटा दाबून बसवायचा, टाचणीने हवा काढायचा प्रकार करू नका, आग लागते. पलंगाजवळ, पेपरच्या रद्दीजवळ ठेवू नका. कुरियर, विमान तर नकोच, जवळच्या सर्व्हिस सेंटरला स्वतः घेऊन जा. जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, सर्व्हिस सेंटरलाच किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. नवीन घेताना निम्म्या किमतीची डुप्लिकेट टाळा, पार्ट नंबर जुन्या बॅटरीच्या लेबलवरून जुळवा आणि बिल मागून घ्या, वॉरंटीला तेच लागतं.