संवत्सरीचा उपवास आणि क्षमापना कशी करावी

नाशिकच्या सोसायट्यांमध्ये गणपतीची आरास लागते, त्याच सुमारास श्वेतांबर जैनांच्या आठ दिवसांच्या पर्युषण पर्वाची संवत्सरीने, म्हणजे उपवास आणि क्षमायाचनेच्या शेवटच्या दिवसाने, सांगता होते. त्यांच्यातले मूर्तिपूजक पंथाचे लोक बहुधा भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, तर मूर्तिपूजा न करणारे स्थानकवासी पंचमीला संवत्सरी पाळतात. म्हसरूळच्या गजपंथाला तीर्थ मानणाऱ्या दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीपासून दहा दिवस चालते.

पहिल्यांदाच उपवास करणाऱ्याने आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी हलके जेवून घ्यावे, कारण परवाच्या सकाळपर्यंत, म्हणजे सुमारे छत्तीस तास, अन्न नाही. या उपवासात साबुदाणा, भगर, फळे, दूध यांपैकी काहीही चालत नाही. ‘तिविहार’ उपवासात दिवसा फक्त उकळलेले पाणी घेतात आणि ‘चौविहार’ उपवासात तेही नाही. नवख्याने तिविहारच करावा. पाणी सकाळीच उकळून परातीत पसरून ठेवावे, म्हणजे लवकर निवते. सूर्यास्तानंतर तेही बंद. मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारावे आणि झेपत नसेल तर एकासणे, म्हणजे एकाच बैठकीत एकदा जेवण, करावे. त्यात कमीपणा नाही. शेजारून मोदक येणारच, तेव्हा आधीच सांगून ठेवावे, कारण ओलसर पदार्थ रात्रभर ठेवून खाणे जैन आचारात बसत नाही.

संध्याकाळी उपाश्रयात किंवा स्थानकात, म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या जागी, सांवत्सरिक प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभरातले दोष आठवून कबूल करण्याचे अनुष्ठान, होते. ते बराच वेळ चालते आणि सूत्रे बहुतेक प्राकृतात असतात. अर्थ न कळला तरी अठरा पापस्थानांची, म्हणजे पापाच्या अठरा प्रकारांची, नावे ऐकताना वर्षातले आपले प्रसंग आठवत जावे.

त्यानंतर क्षमापना, म्हणजे क्षमा मागणे. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणजे माझे दुष्कृत्य निष्फळ होवो. हा मजकूर फोनवरून दोनशे जणांना एकदम पाठवणे सोपे आहे, परंतु त्या दोनशेंत बहुधा ती व्यक्ती नसते, जिच्याशी आपण सहा महिने बोललेलो नाही. म्हणून आधी कागदावर तीन नावे लिहावीत आणि त्यांच्याकडे स्वतः जावे. “काही चुकले असेल तर” असे मोघम न बोलता “पार्किंगवरून मी तुम्हाला चारचौघांत बोललो, ते चुकलेच, काका” असे नेमके सांगावे. स्वतःची बाजू मांडू नये. समोरच्याने दार लावून घेतले, तरी आपल्याकडून क्षमा मागून झालेली असते. घरातली मोलकरीण आणि आपली मुलेही या यादीत असावीत. ती हमखास राहून जातात.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, म्हणजे तोवर काही न खाण्यापिण्याचा ‘नवकारसी’चा नियम पूर्ण झाल्यावर, मुगाच्या पाण्याने पारणे करावे. तळलेले त्या दिवशी टाळावे.