सर्जरीआधीचे सहा दिवस: बँकॉक आधी मावशीला शिकवा

लिंगबदलाच्या सर्जरीसाठी बँकॉकला जायचं ठरवलेल्या, माझ्यासारख्या ट्रान्स मुली फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न डॉक्टरांचा असतो, दुसरा पैशांचा. तिसरा जरा लाजत येतो: ‘ताई, आधी दोन दिवस फिरायला मिळतं का गं?’ मिळतं. दोन कशाला, जमलं तर सहा दिवस हाताशी ठेवा. सर्जरी झाली की तुम्ही पलंगावर, आणि ते अख्खं शहर तुमच्या सोबत्याच्या अंगावर. माझ्यासोबत सिन्नरची मावशी होती. वय ५८, त्याआधीचा सगळ्यात लांबचा प्रवास तिरुपती.

मी नाशिकजवळ अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गेज लावून माल पास-नापास करायची सवय, म्हणून कागदांपासून सुरू करते. पासपोर्ट, तिकीट, मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र, हॉस्पिटलचं बुकिंग: चारही ठिकाणी नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. माझ्या पत्रात नावात एक ‘एच’ जास्त पडला होता. चूक माझीच, फॉर्मवर मीच तसं लिहून दिलं होतं. निघायच्या तीन दिवस आधी लक्षात आलं आणि डॉक्टर गावाला गेलेले! आपलं पत्र असलं तरी तिकडच्या मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटावं लागतं, त्याचा दिवस बुकिंग करतानाच मागून घ्या. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या दिवशी ताजे बघा. मुक्काम महिनाभराचा धरा. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या ७२ तासांत ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट उघडली तर बंद करा. बँकेतून पैसे पाठवताना ए-टू फॉर्मवर कारण वैद्यकीय उपचारच लिहा, नुसता प्रवास नको. आणि साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स या सर्जरीतली गुंतागुंत सहसा भरून देत नाही, त्यामुळे थोडी रक्कम बाजूला असू द्या.

दोन गोष्टी इथेच उरकायच्या. सर्जरी कोणत्या पद्धतीची त्यावर आहे, पण बऱ्याचदा खालचे केस कायमचे काढून घ्यावे लागतात. लेझरच्या दोन बैठकींमध्ये चार ते सहा आठवडे जातात, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी सुरुवात. दुसरं, हॉर्मोन. इस्ट्रोजेन कधी थांबवायचं ते सर्जनच सांगतील, माझं दोन आठवडे आधी बंद केलं. त्या दिवसांत अंगातून वाफा निघतात आणि कशावरूनही रडू येतं. मी सिटी सेंटर मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी सापडेना म्हणून रडले. सोबत्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटतं पोरगी घाबरली, आता माघार घेणार.

जायचं थंडीत. एप्रिलमध्ये बँकॉक भाजून काढतं, शिवाय १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, रस्तोरस्ती पाण्याच्या पिचकाऱ्या. आम्ही जानेवारीत गेलो. मुंबईहून सव्वाचार-साडेचार तासांचं विमान, घड्याळ दीड तास पुढे करायचं.

पहिल्या दिवशी पर्यटन नाही. हॉटेल ते हॉस्पिटल, हॉटेल ते सेव्हन-इलेव्हन, हॉटेल ते औषधाचं दुकान, हे तीन रस्ते तीन-तीनदा चाला. तिसऱ्या फेरीला मी दहा पावलं मागे राहिले आणि तोंड बंद ठेवलं. मावशी एकदा चुकली, एका सोनाराच्या दुकानापाशी उभी राहून विचार केला आणि वळली. तेव्हा मी तिला पास केलं. रिसेप्शनवरून हॉटेलचा आणि हॉस्पिटलचा पत्ता थाई लिपीत लिहून घ्या आणि तो कागद सोबत्याच्या पर्समध्ये ठेवा. मोबाइल ऐन वेळी झोपतो. टॅक्सी बोलवायचं ग्रॅब ॲप त्यांच्याच फोनवर टाका आणि एक फेरी त्यांनाच बुक करू द्या.

भाषेचं म्हणाल तर बायका प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘खा’ लावतात, पुरुष ‘ख्राप’. आदरार्थी आहे ते. मावशीला पहिला दिवसभर वाटत होतं की सगळे तिला जेवायचा आग्रह करताहेत. मराठीत ‘जातो’ सोडून ‘जाते’ म्हणायला मला २६ वर्षं लागली होती. तिथे दुकानात ‘सावातदी खा’ म्हटलं आणि बाईनं नुसते सुटे पैसे मोजून दिले. (‘सावातदी’च्या मुळाशी आपलं स्वस्तीच आहे.)

खाण्याची काळजी शाकाहाऱ्यांना जास्त, कारण दिसायला साध्या भाजीतही माशाचा सॉस, म्हणजे ‘नाम प्ला’, असतो. पिवळ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी सतरासारखं दिसणारं अक्षर शोधा. ते ‘जे’. तिथे मांस, मासे, अंडी नाहीत, कांदा-लसूणही नाही. मावशीनं त्याचं नाव एकादशीचं हॉटेल ठेवलं. अगदीच जीव कासावीस झाला तर फाहुरातला जा, तिथे गुरुद्वारा आहे आणि आजूबाजूला आपल्या लोकांची दुकानं. आम्ही छोटा राइस कुकर आणि मूगडाळ नेली होती. सर्जरीनंतर सुरुवातीला चोथा नसलेलं खायला सांगतात, तेव्हा मऊ भातानं मला तारलं.

आता फिरणं. बीटीएसनं, म्हणजे पुलावरून धावणाऱ्या शहरी रेल्वेनं, साफान ताकसिनला उतरायचं, खालीच साथोर्नचा धक्का. तिथून चाओ फ्राया नदीवरची नारिंगी झेंड्याची बोट घ्या. ती रोजच्या लोकांची बोट आहे, स्वस्त. वाट फो या देवळातला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब. त्याच्या मागे १०८ कांस्यपात्रांची रांग आहे, एकेकात नाणं टाकत जायचं. मावशी ७२व्याला मोजणी विसरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला निघाली.

नाशिकच्या माणसानं राजवाडा चुकवू नये. तिकीट ५०० बाट, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आत वाट फ्रा काएओच्या ओवऱ्यांमध्ये भिंतभर रामाकिएन रंगवलंय, १७८ चित्रं. त्यांचं रामायण आपल्याहून वेगळं आहे, हनुमान तर चांगलाच रंगेल. पण शूर्पणखा आहे, तिकडे तिचं नाव सामानाखा. लहानपणापासून तपोवनात नाक कापल्याची गोष्ट ऐकलेली मावशी भिंतीपुढे थांबून म्हणाली, ‘आपल्या गावाचं नावच कापाकापीवरून पडलंय, तू कशाला घाबरतेस?’ सर्जरीला चार दिवस होते. मी इतकी हसले की गार्डनं बघितलं.

लुम्फिनी पार्कात मात्र रोज सकाळी जा. तळ्याकाठी हातभर नाही, माणसाएवढ्या घोरपडी फिरतात. सर्जरीनंतर महिनाभर भरभर चालायचं नसतं, म्हणून तेवढं चालून घ्या. स्टेशनांवर लिफ्ट कोणत्या बाजूला आहे तेही आत्ताच बघून ठेवा. परतीच्या तपासण्यांच्या वेळी प्रत्येक जिना दुप्पट वाटतो.

काय करू नये? रस्त्यावरचं कच्चं खाऊ नका, उन्हात करपू नका, नवी चप्पल घालून पाय सोलून घेऊ नका. ताप किंवा जुलाब लागले तर तारीख पुढे जाते. शेवटचे दोन दिवस फिरणं बंद. पोट साफ करायचं औषध देतात, त्यानंतर खोलीचा दरवाजा आणि बाथरूमचा दरवाजा, एवढाच प्रवास.

हॉस्पिटलचं थोडक्यात सांगते. पॅकिंग (आत भरलेली पट्टी) आणि कॅथेटर निघेपर्यंत आठवडा पलंगावर जातो. मग डायलेशन सुरू होतं, म्हणजे नवी योनी आकसू नये म्हणून त्यात काही वेळ दांडीसारखं साधन ठेवणं. सुरुवातीला दिवसातून अनेकदा, पुढे कमी, पण ते आयुष्यभर चालू राहतं. नर्स शिकवते तेव्हा लाज बाजूला ठेवून वहीत लिहून घ्या. माझ्या डायलेशनच्या वेळी मावशी बाहेर पडायची. दहाव्या दिवशी ती एकटी बोटीनं फाहुरातला जाऊन कोथिंबीर घेऊन आली.

परतताना मधे भोक असलेली गोल उशी हातातल्या सामानात ठेवा. विमानात कॉरिडॉरची सीट घ्या, अधूनमधून उठा, पाणी प्या, डॉक्टरांनी दिले असतील तर दाबाचे मोजे घाला. पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका खरा असतो. मुंबईहून इगतपुरीपर्यंत समृद्धीनं या. पुढच्या खड्ड्यांसाठी ड्रायव्हरला आधीच बजावून ठेवा. आम्ही घोटीपाशी गाडी थांबवली, मी पंधरा मिनिटं उभी राहिले, मावशीनं चहा घेतला.

आणि निघायच्या आधीच नाशिकमधल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा सर्जनना भेटून विचारा, ‘परत आल्यावर मला तपासाल का?’ मला दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्या मॅडम हो म्हणाल्या. तिकडून मिळालेल्या डिस्चार्ज समरीच्या आणि ऑपरेशन नोट्सच्या दोन प्रती काढून एक त्यांच्याकडे दिली.