फोन कमी करायचाय? मग निदान या चुका तरी करू नका

दर एक जानेवारीला आणि दर पाडव्याला ओळखीतला कोणीतरी जाहीर करतो, "आजपासून सोशल मीडिया बंद." आठ दिवसांत तोच माणूस रात्री दीडला मला रील फॉरवर्ड करतो. कंटाळा आलाय आता हे बघून, म्हणून लिहितोय. आणि हो, यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्यात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिरीमिरीत डिलीट करणं. दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधीची गोष्ट. रात्री साडेबारापर्यंत इन्स्टावर रील्स बघत लोळत होतो, डोळे चुरचुरायला लागले, स्वतःचाच राग आला आणि तो राग काढला कशावर, तर व्हॉट्सॲपवर. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. बरं नुसतं ॲप काढलं असतं तरी भागलं असतं, पण मी शहाणा, सेटिंग्जमध्ये जाऊन अकाउंटच डिलीट केलं. तेव्हा सगळ्या ग्रुपमधून नाव जातं, चॅटही जातात, हे स्क्रीनवर लिहिलेलं असतं पण रागात वाचतो कोण?

आता गंमत अशी की त्याच संध्याकाळी मी घरच्या ग्रुपवर सहज टाकलं होतं, "मागच्या वर्षीच्या गणपतीचा हिशोब एकदा टाका ना." आणि सकाळी मी ग्रुपमधून गायब. झालं! सगळ्या खानदानाने अर्थ काढला. धाकट्या काकांचा फोन, "अरे देतो की हिशोब, एवढं काय चिडायचं?" आई दोन दिवस नीट बोलली नाही. आरतीनंतर मोदक वाढताना काकू सगळ्यांसमोर, "याला आधी वाढा गं, नाहीतर उठून जाईल." अजून ऐकतोय.

तेव्हापासून माझी सवय एकच, पहिला आठवडा काहीही डिलीट करायचं नाही, आपण फोन किती वापरतो ते फक्त बघायचं. अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग आहे, आयफोनमध्ये स्क्रीन टाइम, दोन्ही २०१८ पासून आहेत आणि तरी लोक मला विचारतात की कुठलं ॲप डाउनलोड करू. कुठलंही नको! त्यात तासांपेक्षा फोन कितीदा उचलला तो आकडा बघा, खरं दुखणं तिथे कळतं. माझा आकडा सांगत नाही, बायको वाचते हे.

व्हॉट्सॲप त्रास देत असेल तर ग्रुप सोडून भांडणं ओढवून घेऊ नका, आर्काइव्ह करा. आर्काइव्ह केलेला ग्रुप नवीन मेसेज आला तरी वर येत नाही, फक्त कोणी तुम्हाला टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला रिप्लाय दिला तर कळतं. म्हणजे गुड मॉर्निंगची फुलं आत आणि कामाचं बाहेर.

दुसरी चूक टाइम लिमिटची. लोक उत्साहात पहिल्याच दिवशी इन्स्टाला १५ मिनिटं लावतात, मग वेळ संपल्याची पाटी आली की "आजच्या दिवस जाऊ दे" करून पुढे. चार दिवसांत अंगठ्याला ते बटण पाठ होतं, पाटी दिसतसुद्धा नाही. स्वतः लावलेलं कुलूप आणि किल्ली स्वतःच्याच खिशात, कशाला राहील बंद? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये काय केलं बघा, संध्याकाळी सातला भोंगा, पुढचा दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरांनी अभ्यासाला बसायचं. अख्खं गाव एकदम बंद करतं आणि त्या वेळात काय करायचं तेही ठरलेलं, आणि मुख्य म्हणजे भोंग्याला "आजच्या दिवस जाऊ दे" हे बटण नसतं. आमच्या घरी भोंगा नाही, कुकर आहे. रात्रीचा कुकर लावला की सगळे फोन फ्रिजवर, जेवण होईपर्यंत. पोरगी माझ्यावरच जास्त लक्ष ठेवते.

"आठवडाभर ऑफलाइन जातोय" अशी स्टोरी टाकणाऱ्यांनो, ती किती जणांनी बघितली हे तुम्ही दर दहा मिनिटांनी बघता, माहितीये.

अलार्म फोनवर लावून फोन उशाशी ठेवू नका. साधं सेलचं घड्याळ आणा.

आणि तो स्क्रीन काळी-पांढरी करायचा उपाय. रंग गेले की फोनचा मोह कमी होतो म्हणे, मीही केला. तिसऱ्या दिवशी बायकोने दुकानातून दोन साड्यांचे फोटो पाठवले, कुठली घेऊ? मला दोन्ही राखाडी. कबूल करायला लाज वाटली म्हणून लिहिलं, "दुसरी, रंग मस्त आहे." घरी आल्यावर पिशवी उघडली तर भडक पोपटी. "तुला आवडली म्हणून घेतली हं," म्हणाली.