काळ्या फोमचं बटण

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. आजी रात्री उठली की अंधारात भिंत चाचपत जायची. पलंगाशेजारच्या चटईवर पाय पडला की दिवा लागावा, असं मनात होतं. तयार प्रेशर सेन्सर खिशाला परवडेना, म्हणून भंगारातून बटण करायला बसलो.

पहिला आठवडा पिझो चकतीत गेला. जुन्या खेळण्याच्या बझरमधली ती पितळी चकती दाब बदलताना क्षणभर व्होल्टेज देते, पण दाब तसाच राहिला की गप्प. आजी चटईवर उभी असतानाच दिवा विझायचा. टकटक ओळखायला पिझो उत्तम, उभा माणूस ओळखायला नाही.

मग पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी तपकीर गल्लीत गेलो. तिथे काही आयसी, म्हणजे चिप्स, काळ्या फोममध्ये खोचलेल्या मिळतात. स्थिर विजेने आयसी खराब होऊ नये म्हणून त्या फोममध्ये कार्बन असतो. फोम दाबला की आतले कण जवळ येतात आणि विजेला होणारा रोध उतरतो. "काका, टाकायचा फोम आहे का?" विचारलं, तर त्यांनी मूठभर तुकडे तसेच दिले. गुलाबी फोम मात्र घेऊ नका, त्याचा रोध इतका जास्त असतो की साध्या मल्टिमीटरला काही दिसतच नाही.

एका बाजूला तांबं असलेल्या पीसीबीचे (सर्किटच्या पाटीचे) दोन तुकडे घ्या, तांबं आतल्या बाजूला ठेवा आणि मध्ये फोम. तारा आधीच सोल्डर करा, फोम ठेवल्यावर केल्यात तर तो वितळेल. माझा तुकडा मोकळा असताना साधारण 40 किलोओहम दाखवायचा, पायाखाली अडीच. फोम 5 व्होल्टकडे आणि 10 किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे असे ओळीने जोडले, की पाय पडल्यावर दोघांच्या मधल्या बिंदूवर 1 ऐवजी 4 व्होल्ट येतात. आर्डुइनो उनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड व्होल्टेज 0 ते 1023 अशा आकड्यात वाचतो, त्यावर तेच 205 आणि 820 च्या आसपास दिसतं.

चौथ्या दिवशी दिवा विझेचना. चटईच्या वजनाने फोम बसला होता. उत्तर मला जुन्या बाजारातल्या एका मोडक्या कीबोर्डात सापडलं. त्यात प्लास्टिकचे तीन पापुद्रे असतात, मधल्याला भोकं. तो मधला थर वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांवरच्या वीज वाहणाऱ्या रेषांना उगाच भिडू देत नाही. (त्या रेषांवर सोल्डरिंग करू नका, पापुद्रा जळतो.) मी फोमभोवती साध्या स्पंजची चौकट लावली, फोमपेक्षा किंचित जाड. आता वरचं तांबं पाय पडल्यावरच फोमला टेकतं. प्रोग्रॅममध्ये दिवा 600 ला लावतो आणि 400 च्या खाली विझवतो, त्यामुळे तो लुकलुकत नाही.

चटईखाली 5 व्होल्टच ठेवा. 230 व्होल्टची तार तिथे कधीही नेऊ नका. माझा दिवा म्हणजे 220 ओहमच्या रेझिस्टरमागची एक पांढरी एलईडी. आजीला मोरीपर्यंतची वाट दिसायला तेवढा उजेड पुरतो.