खणाचं पोलकं शिवण्याआधी अस्तर भिजवा

कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड गावचा खण टेबलावर पसरला की मला अजूनही आधी नुसता हात फिरवावासा वाटतो. इतकं देखणं कापड दुसरं नाही. बेळगावात सणाच्या तोंडावर आया लेकींसाठी खण घेऊन येतात आणि म्हणतात, "ताई, लगेच द्या हं." घाई कितीही असो, अस्तराचं सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि मगच कापा. कोरं सुती पहिल्या धुण्यात आटतं. आत अस्तर आटलं आणि वर खण तसाच राहिला, की काखेत चुण्या पडतात. मग त्या काही केल्या जात नाहीत.

खण स्वतः भिजवू नका. ओला पांढरा चिंधीचा तुकडा कोपऱ्यावर दाबून रंग लागतो का तेवढं बघा.

खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असतो, म्हणून कात्री लावण्याआधी सगळे भाग मांडून घ्या. काठ बाह्यांना आधी राखून ठेवा; मुलीच्या पोलक्याची खरी शोभा तिथेच आहे. कापलेल्या कडेचे धागे भराभर सुटतात. लगेच इंटरलॉक करा, मशीन नसेल तर कडेवरून हाताने तिरके टाके घाला. बाजूला दीड इंच दाब, म्हणजे शिलाईच्या आत जास्तीचं कापड, सोडा, पुढच्या वर्षी उसवून पोलकं सैल करता येतं. आणि उरलेले तुकडे टाकू नका हो, बटव्याला किंवा वाकळेच्या ठिगळाला ते फार सुंदर दिसतात.