'गेट'चा अर्थ ओळखायचा तर पुढचा शब्द बघा

इंग्रजी शब्दकोशात 'गेट' (get) उघडलं की अर्थांची रांग लागते: मिळणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे. ती पाठ करत बसू नका. या क्रियापदाचा अर्थ त्याच्या पुढे काय आलंय त्यावर ठरतो.

पुढे नाम असेल तर 'मिळणे' किंवा 'आणणे'. 'आय गॉट अ लेटर' म्हणजे मला पत्र मिळालं. मराठीत 'मला' येतं, इंग्रजीत मात्र 'आय'. इथे 'आय' जड वाटला तरी चालवून घ्यायचा. आधी माणूस आणि मग वस्तू आली, की दुसऱ्यासाठी आणणं: 'आय गॉट हर अ बुक', मी तिला पुस्तक आणून दिलं. पुढे विशेषण असेल तर 'होणे': 'गेट अँग्री', 'गेट टायर्ड'. आणि जागा असेल तर 'पोहोचणे': 'गेट टु द स्टेशन'. 'होम', 'हिअर', 'देअर' यांच्याआधी मात्र 'टु' लागत नाही. 'गॉट टु होम' ही नेहमीची चूक.

खरी गंमत पुढे आहे. आपण न्हाव्याकडे जाऊन येतो आणि म्हणतो, 'केस कापले'. ते जसंच्या तसं 'आय कट माय हेअर' केलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं कात्री तुमच्याच हातात होती. काम दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर आधी वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप: 'आय गॉट माय हेअर कट', 'आय गॉट द फोन रिपेअर्ड'. कोणाकडून करवून घेतलं तेही सांगायचं असेल, तर माणूस आणि मग 'टु': 'आय गॉट हिम टु साइन'. यात त्याला पटवल्याची, गळ घातल्याची छटा असते. 'मेक'मध्ये जबरदस्ती असते आणि तिथे 'टु' येत नाही: 'आय मेड हिम साइन'. या दोन्हींची सरमिसळ करून 'आय गॉट हिम साइन' म्हणणारे खूप.

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. 'आय गॉट टु सी हर': मला तिला भेटायला मिळालं. 'आय हॅव गॉट टु सी हर': मला तिला भेटलंच पाहिजे. एका 'हॅव'ने संधीची सक्ती होते. बोलताना हा 'हॅव' आखडून नुसता 'व्ह' उरतो, कधी तोही गळतो. मग संदर्भावरूनच ओळखायचं.

'गेट' हे मुख्य क्रियापद आहे, म्हणून प्रश्न आणि नकार 'डू'ने होतात. 'डिड ही गॉट' नाही, 'डिड ही गेट'. 'शी वॉज गॉट मॅरीड' यात 'वॉज' उपरा आहे. 'शी गॉट मॅरीड' पुरे. कोणाशी ते सांगताना 'विथ' नाही, 'टु'. बसमधून उतरणं 'गेट ऑफ', कारमधून 'गेट आउट ऑफ'. 'आय ॲम गेटिंग लेट' आपल्याकडे सर्रास चालतं, पण बाहेर 'आय ॲम रनिंग लेट' म्हणतात.

शब्द मुळात इंग्रजांचा नाही. नवव्या शतकात उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये स्कँडिनेव्हियाचे लोक वसले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतलं 'गेता', म्हणजे मिळवणं, साधारण 1200च्या सुमारास इंग्रजीत दिसू लागलं. जुन्या इंग्रजीत त्याचं भावंड होतं, पण उपसर्ग लावूनच वापरात; 'फरगेट' त्यातूनच आलं. त्यातल्या 'ग'चा उच्चार तेव्हा 'य'सारखा होता. आजचा कडक 'ग' ही नॉर्सची देणगी.

तिसरं रूप ब्रिटनमध्ये 'गॉट'. अमेरिकेत 'गॉट' आणि 'गॉटन' दोन्ही, पण अर्थ वेगळे: 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी मिळवली आहे.

अर्ज किंवा अहवाल लिहिताना मात्र 'गेट'ला सुट्टी द्या. तिथे 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'बिकम', 'अराइव्ह' यांपैकी नेमका शब्द घ्या. पण बोलताना 'आय ऑब्टेन्ड अ कॉफी' म्हणालात तर समोरचा हसेल.