जॅगची तयारी करताय? आधी दहावीचं मार्कशीट काढा

कायद्याची आवड आहे आणि अंगावर युनिफॉर्मपण हवाय, मग काय करायचं, असं दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी ज्युनिअर विचारतोच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. अमेरिकेच्या आर्मीत पॅरालीगल म्हणून सैनिकांची वेगळी पोस्ट असते. आपल्याकडे लॉच्या पोरांचा खरा रस्ता म्हणजे जज अ‍ॅडव्होकेट जनरल ब्रँच, थोडक्यात जॅग, म्हणजे आर्मीची कायद्याची शाखा, आणि तिथे थेट ऑफिसर म्हणूनच जायचं.

वय २१ ते २७, लग्न झालेलं नको, एलएलबीला एकूण ५५ टक्के (५४.७ चे राउंड करून ५५ होतील या भरवशावर राहू नका), बार कौन्सिलच्या नोंदणीला पात्र, आणि आता क्लॅट पीजीचा (एलएलएमच्या प्रवेश परीक्षेचा) स्कोअर कंपल्सरी, एलएलएम झालं असलं तरी. ही परीक्षा डिसेंबरात असते, १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकलं की पाव मार्क कट, आणि फॉर्म त्याच्या बराच आधी भरायचा असतो. तो चुकला की वर्ष गेलं.

आता कागदपत्रं. हसू नका, पोरं इथेच आपटतात. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आधारवर नाव आधी, कुठे वडिलांचं नाव आहे कुठे नाही, डिग्रीवर तिसरंच स्पेलिंग. आर्मीत दहावीचं सर्टिफिकेट म्हणजे ब्रह्मवाक्य, बाकी सगळं त्याच्याशी जुळवायचं. माझ्या बाबांच्या नावात एक ‘ए’ जास्त होता तर अ‍ॅफिडेव्हिट, गॅझेट, आधार सेंटरची लाइन यात दोन महिने गेले. हे थर्ड इयरलाच उरकून घ्या. शेवटच्या सेमिस्टरचं मार्कशीट हातात पडलं नसेल तर युनिव्हर्सिटीत स्वतः जाऊन बसा, फोन कुणी उचलत नाही.

पळायला आजपासून लागा. २.४ किलोमीटर पोरांना साडेदहा मिनिटांत, पोरींना १३ मिनिटांत जमायला हवं, शिवाय पुशअप्स, पुलअप्स. पुलअप्स एका महिन्यात येत नाहीत.

मग एसएसबी, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाचा इंटरव्ह्यू, पाच दिवस. पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग ग्रुपपुढे मिनिटभर सांगायची, आणि नंतर सगळे एकदम बोलतात, मासळी बाजार नुसता. त्यात वकिली करू नका. मी केली. समोरच्याचा प्रत्येक मुद्दा खोडून काढला आणि दुपारी पहिल्या बसने परत. दुसऱ्या वेळी कॉन्फरन्सपर्यंत, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत पोचलो, पण एका टेस्टमध्ये ६० शब्द येतात ना, प्रत्येकावर १५ सेकंदांत वाक्य लिहायचं, त्यात शब्द आला ‘ऑर्डर’ आणि मी लिहिलं, ऑर्डरविरुद्ध अपील करता येतं! सायकॉलॉजिस्टला काय वाटलं असेल देव जाणे. त्यांना वकील नकोय, ऑफिसर हवाय, ज्याला कायदा येतो. रोज घरी दहा शब्द घेऊन वाक्यं लिहा आणि घरच्यांना वाचायला द्या. तुमची तिरकी वाक्यं आईला बरोबर कळतात.

वाचायचं काय, तर आर्मी अ‍ॅक्ट १९५० आणि आर्मी रूल्स १९५४. माझ्या कॉलेजात यातलं कुणी काही शिकवलं नाही. कोर्टमार्शल, म्हणजे लष्करी कोर्ट, चार प्रकारचं असतं, जनरल, समरी जनरल, डिस्ट्रिक्ट आणि समरी, आणि समरीत सीओ (युनिटचा कमांडिंग ऑफिसर) स्वतःच कोर्ट असतो. जनरल कोर्टमार्शलला जज अ‍ॅडव्होकेट लागतोच, पण तो कायदा सांगतो, निकालात त्याचं मत नसतं. रूल २२, २३ आणि १८० नीट करा. १८० म्हणजे चौकशीत माणसाच्या इज्जतीचा प्रश्न आला की त्याला समोर बसू द्यायचं, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यायचे. मी सध्या मुंबईत आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या केसेस बघतो, तिथे या एका रूलवर अख्खी दुपार जाते.

पोरींनो, आधी ६ जागा पुरुषांना आणि ३ बायकांना अशी वाटणी असायची, ती सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली. त्यामुळे जुन्या कोचिंग नोट्समधले जागांचे आकडे बघून घाबरू नका.

सिलेक्ट झालात तर ट्रेनिंग चेन्नईच्या ओटीएत (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत) ४९ आठवडे, नोकरी १० वर्षं, वर ४ वाढवून मिळू शकतात. आणि लष्करी कायद्याची संस्था कुठे, तर आपल्या नागपूरशेजारी कामठीला.

एसएसबीला जाताना बॅगेत पांढरे कॅन्व्हास शूज, पांढरी शॉर्ट, ओरिजिनल कागद आणि झेरॉक्सचे दोन सेट ठेवा. आणि तिकीट जपा, पहिल्यांदा जाणाऱ्याला थ्री एसीचं जायचं-यायचं भाडं मिळतं. मी पुण्याहून झेलमने गेलो आणि तिकीट भोपाळ स्टेशनवरच चहाच्या कपासोबत कचऱ्याच्या डब्यात टाकलं.